राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय: इमारतीच्या आधी कर्मशाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तंत्रज्ञान आणि नवोन्मेषाला बळ मिळावे म्हणून राष्ट्रीय पातळीवरचे विज्ञान संग्रहालय उभारायचे ठरले आहे, जागा जवळपास निश्चित आहे, आणि आता वास्तुरचनाकार नेमायचे आहेत. सुरुवात इमारतीपासून करावी की प्रदर्शनांपासून, आणि अशा संग्रहालयाचा नवोन्मेषाला खरोखर उपयोग होतो का, हे तुम्हाला हवे आहे.

माझे उत्तर असे की सुरुवात या दोन्हींपासून करू नका. आधी कर्मशाळा (वर्कशॉप) उभी करा, जमले तर भाड्याच्या गोदामात, आणि तिच्यासोबत संग्रहाचे धोरण लिहून काढा. इमारतीचा आराखडा या दोहोंतून निघाला पाहिजे. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा लागतो. आधी देखणी वास्तू उभी राहते, मग तिच्या पोटात काय भरायचे याची धावपळ सुरू होते, आणि उद्घाटनाच्या तारखेपायी सगळे एक्झिबिट, म्हणजे प्रेक्षकांसमोर मांडायच्या वस्तू आणि प्रयोग, तयार विकत घेतले जातात. दोन वर्षांत त्यांतले कित्येक बंद पडतात आणि ते उघडून दुरुस्त करू शकणारा माणूस संस्थेत नसतो.

यामागची खरी अडचण अशी की 'विज्ञान संग्रहालय' या एका नावाखाली तीन वेगळ्या संस्था राहतात. पहिली म्हणजे वस्तूंचा संग्रह: जुनी यंत्रे, उपकरणे, नमुने, आराखडे. दुसरी म्हणजे विज्ञान केंद्र, जिथे मूळ वस्तू जवळजवळ नसतात आणि हाताने करून पाहायचे प्रयोग असतात. तिसरी म्हणजे शिकवण्याची आणि घडवण्याची जागा. पॅरिसमधले कॉन्झर्व्हातॉर दे झार ए मेतिये १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार यांच्या पुढाकाराने स्थापन झाले ते या तिसऱ्या हेतूने. यंत्रे, नमुने, अवजारे आणि रेखाटने एका ठिकाणी ठेवायची आणि ती कशी वापरतात हे कारागिरांना दाखवून द्यायचे, ही त्यामागची कल्पना. म्यूनिकचे डॉइचेस म्युझियम ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ मध्ये स्थापले, त्याची कायमची इमारत १९२५ मध्ये खुली झाली, आणि तिथे मूळ यंत्रांच्या शेजारी फिरवता-दाबता येणारी प्रात्यक्षिके आली. फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्स्प्लोरेटोरियमने संग्रह जवळजवळ बाजूला ठेवला आणि कर्मशाळाच प्रेक्षकांच्या नजरेसमोर मांडली. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये उघडले आणि १९६५ मध्ये तिथून फिरते विज्ञान प्रदर्शन निघाले.

या तिन्ही संस्था एकत्र नांदू शकतात, पण त्यांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. संग्रहाला मंद प्रकाश, स्थिर आर्द्रता आणि 'हात लावू नका' हवे असते. विज्ञान केंद्राला गजबज आणि 'हात लावाच' हवे असते. कर्मशाळेला धूळ, आवाज, ठिणग्या आणि रंगाचा वास चालवून घ्यावा लागतो. कोणत्या गोष्टीला किती वाटा द्यायचा हे समितीने पहिल्या काही बैठकांत ठरवले नाही, तर पुढे ते वास्तुरचनाकार ठरवतो, आणि त्याला यातले तपशील ठाऊक असण्याचे कारण नाही.

हा वाटा परिस्थितीवर अवलंबून आहे. देशात आधीच विद्यापीठांकडे, रेल्वेकडे, टपाल-तार खात्याकडे, वीजमंडळांकडे जुनी उपकरणे पडून असतील तर संग्रहाचे पारडे जड ठेवावे, कारण ती भंगारात गेली की परत मिळत नाहीत. बहुसंख्य मुले राजधानीपासून दूर राहत असतील तर मुख्य इमारत लहान आणि फिरती प्रदर्शने मोठी हे गणित योग्य. आणि दरवर्षी खात्रीने मिळणारा निधी नसेल, तर तिन्हींपैकी एकच काम घ्या आणि ते नीट करा.

आता नवोन्मेषाबद्दल. संग्रहालय नव्या उद्योगांना भांडवल देऊ शकत नाही, नवउद्योगांना वाढवणाऱ्या उबवण केंद्राचे (इन्क्युबेटरचे) काम करू शकत नाही, आणि तसे आश्वासन प्रकल्प अहवालात लिहू नये. 'नवउद्योगांचे दालन' म्हणून स्टॉलची रांग लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. सहा महिन्यांत ती उत्पादने शिळी होतात, कंपन्यांचे लोक येईनासे होतात आणि पडद्यांवर माहितीपट फिरत राहतात. संग्रहालयाला जे जमते ते वेगळे आहे, आणि ते दुसरे कोणी करत नाही.

एक म्हणजे यंत्र आतून दाखवणे. पुस्तकात पूर्ण झालेली रचना सापडते. तिच्याआधी फसलेल्या पाच रचना सापडत नाहीत. एखाद्या पंपाचे, सायकलच्या गिअरचे, टेलिफोनच्या रिसीव्हरचे एकामागून एक नमुने शेजारी ठेवले आणि प्रत्येकात काय बदलले, का बदलले हे दाखवले, तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला निर्णय कसे घेतले जातात ते दिसते. लंडनमध्ये पेटंट कार्यालयाचे संग्रहालय होते. त्या कार्यालयातले अधिकारी बेनेट वुडक्रॉफ्ट यांनी जमवलेली ती यंत्रे पुढे साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहात आली, आणि आजच्या सायन्स म्युझियमच्या पायात तो संग्रह आहे. पेटंटचा कागद आणि प्रत्यक्ष यंत्र एकत्र पाहायला मिळणे, ही शोधकाच्या फार उपयोगाची सोय आहे.

दुसरे म्हणजे कौशल्य टिकवणे. एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचे डिफरन्स इंजिन क्रमांक २ हे आकडेमोड करणारे यंत्र त्यांच्या हयातीत कधी बनले नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने मूळ रेखाटनांवरून त्याचा गणन करणारा भाग बनवून १९९१ मध्ये पूर्ण केला. सुमारे ४,००० सुटे भाग, आणि बॅबेज यांच्या काळात साधता येईल इतपतच अचूकता. ते चालले, तेव्हा रचना मुळात बरोबर होती हे सिद्ध झाले. या कामाला आराखडे जपणारा अभिरक्षक (क्युरेटर) आणि धातूकाम जाणणारे तंत्रज्ञ एकाच प्रकल्पात लागतात. अशी माणसे देशात एका जागी टिकवून धरणे हेच राष्ट्रीय संग्रहालयाने तंत्रज्ञानाला दिलेले बळ आहे.

तिसरे म्हणजे चाचणी. छोट्या उद्योगाला किंवा प्रयोगशाळेला आपले नवे उपकरण अनोळखी माणसांच्या हातात देऊन पाहायचे असते आणि त्यांना तशी माणसे मिळत नाहीत. संग्रहालयात रोज शेकडो येतात. आठवड्यातून एक दिवस, एक टेबल, एक निरीक्षक आणि लेखी संमती एवढ्यावर ही सोय चालते. खर्च जवळजवळ काहीच नाही.

कर्मशाळेकडे वळतो, कारण सगळे तिच्यावर उभे आहे. मध्यम आकाराच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी ४०० ते ६०० चौरस मीटर जागा धरा. त्यात लेथ, मिलिंग मशीन, स्तंभी ड्रिल, पत्रा कापण्या-वाकवण्याची यंत्रे, वेल्डिंगची वेगळी बंदिस्त जागा, २.४ बाय १.२ मीटरचा अख्खा प्लायवूड बसेल असा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणारे-कोरणारे यंत्र), लेझर कटर, हवा बाहेर खेचणारी रंगाची बंदिस्त खोली आणि धूळ खेचणारी यंत्रणा हवी. इलेक्ट्रॉनिक्सचे बाक लाकूडकामापासून भिंतीने वेगळे ठेवा. लाकडाचा भुसा आणि सर्किट बोर्ड यांचे जमत नाही. माणसे सुरुवातीला दहा-बारा पुरतात: दोन यंत्रकार, एक वेल्डर, दोन सुतार, दोन इलेक्ट्रॉनिक्सवाले, एक प्रोग्रॅमर, एक रंगारी, दोन रचनाकार आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा एक प्रमुख. हा गट उद्घाटनाच्या किमान दोन वर्षे आधी कामाला लागला पाहिजे.

सगळेच घरात बनवा असे मी म्हणत नाही. तारांगणाचा प्रक्षेपक किंवा कंपनाचा मोठा मंच विकत घेणेच शहाणपणाचे. पण विकत घेताना करारात चार गोष्टी घाला: संपूर्ण कामकाजी आराखडे, प्रोग्रॅमचा मूळ कोड आणि तो बदलण्याचा हक्क, सुट्या भागांची यादी मूळ उत्पादकाच्या क्रमांकासह, आणि तुमच्या दोन तंत्रज्ञांचे पुरवठादाराच्या कारखान्यात प्रशिक्षण. चौथी अट आली की काही पुरवठादार नाराज होतात. पुढे कोण साथ देणार आहे याचा अंदाज तिथेच येतो.

एक्झिबिट कसे घडते ते एका उदाहरणाने सांगतो. हाताने जनित्र फिरवून दिवा लावण्याचा प्रयोग घ्या. सगळीकडे असतो आणि बहुतेक ठिकाणी वाईट असतो. मूल येते, फलक न वाचता दांडा गरगर फिरवते, दिवा लागतो, मूल निघून जाते. शिकण्यासारखे काही घडलेच नाही. इथे मूळ प्रश्न 'वीज कशी तयार होते' हा नसून 'जास्त वीज मागितली तर हाताला काय जाणवते' हा ठेवा. म्हणजे एकाच जनित्राला दोन दिवे, एक जुना तारेचा आणि एक एलईडी, आणि मध्ये बदलाचा खटका. प्रकाश जवळपास सारखा, पण एका वेळी दांडा जड, एका वेळी हलका. हाताला कळते, मग डोके विचारते.

आता आकडे. ४० वॅटचा तारेचा दिवा, जनित्र आणि गिअर मिळून कार्यक्षमता ६० टक्के, म्हणजे हाताकडून सुमारे ६७ वॅट हवेत. दांड्याची त्रिज्या १५ सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला ६० फेरे धरला तर हातावर सुमारे ७० न्यूटन, म्हणजे ७ किलो वजन उचलल्याइतका जोर येतो. दहा वर्षांचे मूल तो काही सेकंदच टिकवेल. म्हणून तारेचा दिवा १५ ते २० वॅटचा घ्या, जोर निम्मा किंवा त्याहून कमी होतो. एलईडी २ ते ३ वॅटचा पुरे. आणि उलट टोकाचा विचार करा: दोन धडधाकट तरुण मिळून तो दांडा मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवतील आणि मग एकदम उलटा फिरवतील. त्यासाठी दांडा आणि गिअर यांच्यामध्ये ठरावीक जोरानंतर घसरणारा क्लच आणि दिव्याच्या आधी व्होल्टेज मर्यादित ठेवणारे सर्किट हवे. हे नसेल तर पहिल्या महिन्यात गिअरचे दाते जातात.

हे सगळे कागदावर ठरत नाही. पहिला नमुना प्लायवूड, जुनी मोटर आणि हाताने लिहिलेला फलक यांचाच करा. तो वीस-पंचवीस अनोळखी लोकांपुढे ठेवा, आपण तीन मीटर लांब उभे राहा आणि तोंड उघडू नका. कोण कुठे हात घालतो, काय आधी करतो, किती वेळ थांबतो आणि जाताना शेजाऱ्याला काय म्हणतो एवढेच टिपा. खटका कोणाला दिसलाच नाही असे हमखास आढळते. मग फलक लांबवू नका. खटका दांड्याच्या दुसऱ्या बाजूला, मोकळ्या हाताखाली आणा. असे दोन-तीन फेरे झाल्यावरच पोलादाला हात लावायचा. फलकाचा मुख्य मजकूर ५० शब्दांच्या आत ठेवा आणि त्याचे पहिले वाक्य काय करायचे हे सांगणारे असू द्या.

टिकाऊपणाचे काही नियम आधीच ठरवून सगळ्या रचनाकारांना द्या. प्रेक्षकाच्या हाताला लागू शकणारी प्रत्येक वायर २४ व्होल्टची, आणि मुख्य पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षण. बटणे औद्योगिक दर्जाची, लाखो दाबांची हमी असलेली. हलत्या भागांमध्ये ८ ते २५ मिलिमीटरची फट ठेवू नका, कारण लहान बोटे नेमकी तिथे अडकतात. कडा किमान ३ मिलिमीटर त्रिज्येने गोल. अॅक्रिलिक तडकते, पॉलिकार्बोनेटवर ओरखडे पडतात. म्हणून आदळआपट होईल तिथे पॉलिकार्बोनेट, आणि नुसते पाहायचे असेल तिथे अॅक्रिलिक किंवा कडक काच. चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली जमिनीपासून ६८ सेंटीमीटर मोकळी जागा, टेबलाचा माथा ८६ सेंटीमीटरच्या वर नको, आणि खुर्ची पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ. हीच उंची लहान मुलांनाही सोयीची पडते.

दुरुस्तीचे गणित तर कोणी मांडतच नाही. समजा २०० एक्झिबिट आहेत आणि प्रत्येक सरासरी ४० दिवसांनी एकदा बिघडते. म्हणजे दिवसाला पाच बिघाड. प्रत्येकाला दोन तास धरले तर रोज दहा तास, म्हणजे दीड-दोन तंत्रज्ञ फक्त दुरुस्तीत. सुट्या, रजा, जमून राहिलेली कामे धरून तीन. ही तीन माणसे नवे बनवणाऱ्या गटातून उसनी घ्यायला लागलात की नवे बनणे थांबते. रोज दार उघडण्याआधी अर्धा तास फेरी, प्रत्येक एक्झिबिटला क्रमांक, बिघाडाची तारीख आणि कारण लिहिलेली नोंदवही. तीन महिन्यांनी वही पाहिली की कोणते पाच एक्झिबिट सगळा वेळ खातात ते समोर येते. त्यांची दुरुस्ती थांबवून रचनाच बदला. एकूण बंद एक्झिबिटचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले तर नवे दालन उघडू नका.

संग्रहाच्या बाजूला यायचे तर एक नियम कधीही मोडू नका: मूळ वस्तू चालवायची नाही, चालवायची ती प्रतिकृती. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणाऱ्या फूको यांच्या लंबकाचा मूळ गोळा पॅरिसच्या आर ए मेतिये संग्रहालयात टांगलेला होता. २०१० मध्ये तार तुटली, गोळा फरशीवर आपटला आणि दुरुस्त होणार नाही इतका चेपला. अशी वस्तू पुन्हा मिळत नाही.

लंबकाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, कारण तुमच्या वास्तुरचनाकाराला प्रवेशकक्षात तो हवासा वाटणार आहे. त्याचे डोलण्याचे प्रतल तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची साइन इतके वळते. २० अक्षांशावर हे सुमारे ५ अंश होते, ५० अक्षांशावर साडेअकरा, आणि विषुववृत्तावर शून्य. २० अक्षांशावर गोळ्याच्या वाटेत दर ५ अंशांना एक खुंटी लावली तर ती गोळ्याच्या धक्क्याने पडायला जवळपास तास लागतो, तोवर पाहणारा निघून जातो. सव्वा अंशाला एक लावा आणि समोरच्या बाजूच्या खुंट्या अर्ध्या अंतराने सरकवा, म्हणजे सात-आठ मिनिटांना एक पडेल. तार किमान १५ ते २० मीटर हवी. आखूड लंबक लवकर लंबवर्तुळात फिरू लागतो आणि मग पृथ्वीचे वळण आणि त्याची स्वतःची चूक वेगळी ओळखता येत नाही. वरचा आधार इमारतीच्या मुख्य तुळईला, आणि वातानुकूलनाचे झोत त्या बाजूला अजिबात नकोत. हे सगळे आराखड्याच्या टप्प्यावरच ठरते, नंतर भर घालता येत नाही.

संग्रहात काय घ्यायचे याचे धोरण दोन-तीन पानांचे असावे आणि त्यात 'नाही' कधी म्हणायचे हे स्पष्ट असावे. संस्था सुरू होणार अशी बातमी पसरली की कार्यालये आपापले भंगार देणगी म्हणून पाठवू लागतात. वस्तू घेण्याआधी विचारा: ही कोणी वापरली, कशासाठी, हिच्याआधी काय होते, हिचे आराखडे किंवा वापरणारा माणूस उपलब्ध आहे का, आणि ही आपण शंभर वर्षे जपू शकतो का. नवोन्मेष हा हेतू असेल तर गेल्या पन्नास वर्षांतल्या वस्तूंवर भर द्या आणि फसलेले नमुने आवर्जून घ्या. ज्यांनी ते बनवले त्यांच्या मुलाखती त्याच वेळी ध्वनिमुद्रित करा. दहा वर्षांनी ती माणसे भेटत नाहीत. प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक, मालकीहक्क हस्तांतराचा सही केलेला कागद आणि छायाचित्र त्याच दिवशी. 'नंतर करू' म्हटलेल्या नोंदी होत नाहीत.

तांत्रिक वस्तूंचे जतन चित्रांपेक्षा वेगळे असते, आणि काही वस्तू माणसांना धोकादायक असतात. जुन्या भट्ट्या, केबल आणि हीटरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. विमानांच्या आणि जहाजांच्या जुन्या तबकड्यांवर रेडियमचा किरणोत्सारी रंग असू शकतो. गायगर काउंटरने तपासल्याशिवाय त्या उघडू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलात पीसीबी ही विषारी रसायने, मापन उपकरणांत पारा, आणि सेल्युलोज नायट्रेटची जुनी फिल्म, जी पेटली की पाण्याने विझत नाही. बॅटऱ्या वस्तू आल्याबरोबर काढून टाका, नाहीतर गळून सर्किट खातात. रबर चिकट होते किंवा तडकते, पीव्हीसीला घाम फुटल्यासारखे तेल सुटते. ही दोन्ही धातूला चिकटून ठेवू नका. चिपमधला प्रोग्रॅम काही दशकांत पुसला जाऊ शकतो, म्हणून संगणकीय वस्तू आली की पहिल्यांदा त्यातली माहिती उतरवून घ्या. भांडारात आर्द्रता ४५ ते ५५ टक्के स्थिर ठेवा, गंजणाऱ्या लोखंडासाठी ४० टक्क्यांखाली वेगळी खोली. कागद, कापड आणि रंगीत छायाचित्रे दालनात ५० लक्सपेक्षा जास्त उजेडात नकोत. आणि भांडाराची जागा आजच्या संग्रहासाठी मोजू नका, वीस वर्षांच्या वाढीसाठी मोजा. प्रदर्शनात कोणत्याही वेळी संग्रहाचा थोडाच भाग असतो, बाकी सगळे भांडारातच राहते.

इथपर्यंतचे थोडक्यात: तीन कामांचे वाटे ठरवा, कर्मशाळा दोन वर्षे आधी चालू करा, दुरुस्तीला स्वतंत्र माणसे ठेवा, संग्रहाचे धोरण लेखी करा. यातून इमारतीची मागणी आपोआप निघते, आणि ती मोठी गुंतागुंतीची नाही. दालनांत स्तंभ कमी आणि छत पाच ते सहा मीटर उंच. जमिनीची भारक्षमता सर्वसाधारण दालनात चौरस मीटरला ५०० किलो, जड यंत्रांसाठी तळमजल्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. ट्रक थेट आत येईल असा माल उतरवण्याचा चौथरा आणि तिथून दालनापर्यंत तीन बाय तीन मीटरचा अखंड मार्ग. या मार्गातले एक अरुंद दार पुढच्या तीस वर्षांत काय दाखवता येईल ते ठरवते. दर तीन मीटरवर जमिनीत वीज आणि नेटवर्कचे तोंड. नैसर्गिक उजेड प्रवेशकक्षात हवा, दालनांत नको. काचेचा घुमट मागू नका, तो उष्णता, चकाकी आणि गळती तिन्ही देतो.

'राष्ट्रीय' या शब्दाचा अर्थ राजधानीतली एक इमारत असा घेऊ नका. एका बसमध्ये वीस-पंचवीस एक्झिबिट बसतात, दोन मार्गदर्शक आणि एक चालक-तंत्रज्ञ पुरतो. बसमधले एक्झिबिट मात्र वेगळेच बनवावे लागतात: प्रत्येक नट न सुटणारा, प्रत्येक जोड कंपन सोसणारा, आणि सगळे जनरेटर किंवा बॅटरीवर चालणारे. दालनातलीच रचना बसमध्ये बसवली तर पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये स्क्रू सुटू लागतात. दुसरी गोष्ट, आपल्या एक्झिबिटचे आराखडे उघडपणे प्रसिद्ध करा. एक्स्प्लोरेटोरियमने आपल्या एक्झिबिटच्या कृती छापून इतरांना वापरायला दिल्या आणि जगभरातल्या केंद्रांनी त्यांवरून काम सुरू केले. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला तुमच्या आराखड्यावरून आपले छोटे केंद्र उभारता आले, तर तुमच्या कर्मशाळेचा पैसा कितीतरी पटींनी वसूल झाला.

दालनांतल्या मार्गदर्शकांकडे दुर्लक्ष होते, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. त्यांना पाठ केलेले भाषण देऊ नका. आठवडाभर कर्मशाळेत काम करायला लावा, मग ते एक्झिबिट कसे बनले ते सांगू शकतात आणि कुठे बिघडणार हेही आधी ओळखतात. दर दहा-बारा एक्झिबिटमागे एक मार्गदर्शक पुरतो, शाळांच्या सहलींच्या दिवशी दुप्पट लागतात. तंत्रनिकेतनातले विद्यार्थी अर्धवेळ घेतले तर त्यांना पगार मिळतो आणि पुढचे तंत्रज्ञ तुम्हाला त्यांच्यातूनच मिळतात.

पैशाबद्दल एवढेच की एक्झिबिटचे आयुष्य आठ ते दहा वर्षे धरा. म्हणजे त्यांच्या मूळ खर्चाच्या १० ते १२ टक्के रक्कम दरवर्षी नूतनीकरणासाठी वेगळी हवी, पगार आणि विजेच्या व्यतिरिक्त. ही तरतूद स्थापनेच्या ठरावात लिहून घ्या. उद्घाटनाच्या वर्षी सगळे उदार असतात, सहाव्या वर्षी नसतात. तिकिटातून सगळा खर्च निघेल असे गृहीत धरणारा अहवाल आला तर तो परत पाठवा. यश मोजताना प्रेक्षकसंख्येसोबत चालू एक्झिबिटचे प्रमाण, एका एक्झिबिटपाशी सरासरी थांबण्याचा वेळ, संग्रह पाहायला आलेल्या संशोधक-अभियंत्यांची संख्या आणि चाचणी टेबल वापरलेल्या उद्योगांची संख्या हे चार आकडेही दरवर्षी जाहीर करा.

तुमच्या समितीसाठी पहिल्या सहा महिन्यांचे काम मला असे दिसते. कर्मशाळाप्रमुख आणि मुख्य अभिरक्षक या दोन नेमणुका वास्तुरचनाकाराच्या आधी करा. भाड्याच्या जागेत लेथ, राउटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक बाक बसवून दहा एक्झिबिटचे प्लायवूडचे नमुने बनवा. ते एखाद्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात तीन आठवडे लोकांपुढे ठेवा. त्याच काळात अभिरक्षकाने सरकारी खात्यांत आणि विद्यापीठांत कोणती उपकरणे पडून आहेत त्याची यादी करावी, वजन आणि लांबी-रुंदी-उंचीसह. या यादीतली सर्वांत जड आणि सर्वांत उंच वस्तू कोणती हे कळले की वास्तुरचनाकाराला द्यायच्या कागदाचे पहिले पान लिहिता येते.